छेद घालवणाऱ्या बाई

आठवीला आम्हाला गणित शिकवणाऱ्या बाईंचं माझ्यावर फार मोठं ऋण आहे. चाळीसगाव तालुक्यातली खेड्याची शाळा. क्लास लावायची घरची ऐपत नव्हती. आमच्यासारख्या पोरांसाठी बाई शाळा सुटल्यावर थांबायच्या आणि त्याचा एक पैसाही त्यांनी कधी घेतला नाही.

अपूर्णांकांची समीकरणं आली की वर्ग गप्प व्हायचा. तिरकस गुणाकाराची युक्ती वरच्या वर्गातली मुलं सांगायची. बाईंनी मात्र ती मुद्दाम मागे ठेवली. त्या फळ्यावर लिहायच्या :

(क्ष + १)/२ − (क्ष − २)/३ = २

"छेदांचा लसावि किती?" सहा. "मग सहाने गुणा. कुणाकुणाला?" प्रत्येक पदाला, उजवीकडच्या एकट्या दोनालासुद्धा. त्या दोनावर बाई खडूने टिचकी मारायच्या. पुढची ओळ ३(क्ष + १) − २(क्ष − २) = १२. इथे कंस हवाच, कारण वजा चिन्ह कंसातल्या दोन्ही पदांवर चालतं आणि शेवटी अधिक ४ येतात. क्ष बरोबर ५. एवढ्यावर सुटका नसे; ताळा घ्यायचा. ६/२ वजा ३/३, म्हणजे ३ वजा १, दोन. जुळलं! मग कुठे बाई पुढच्या गणिताला हात घालायच्या.

आमच्याच तालुक्यातल्या पाटणला भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याचा १२०७ सालचा शिलालेख आहे, हेही मला बाईंनीच सांगितलं. 'लीलावती'तलं भुंग्यांचं गणित त्यांनी आमच्याकडून सोडवून घेतलं. थव्याचा पाचवा भाग कदंबावर, तिसरा शिलींध्रावर, या दोहोंतल्या फरकाची तिप्पट कुड्यावर, आणि एक भुंगा हवेत घिरट्या घालतोय. भास्कराचार्य अशी गणितं इष्टकर्माने, म्हणजे सोयीची एक संख्या धरून सोडवतात. आम्ही क्ष धरला, पंधराने गुणलं : ३क्ष + ५क्ष + ६क्ष + १५ = १५क्ष. भुंगे पंधरा. साडेआठशे वर्षांपूर्वीचं गणित आपल्या वहीत सुटलं, याचा तो आनंद मला अजून पुरतो आहे.

बाई आता नाहीत. मी स्वतः आठवीला शिकवतो आणि त्यांच्याच क्रमाने शिकवतो. माझ्या शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एवढीच विनंती : तिरकस गुणाकार सांगा, पण नंतर. आधी पोरांना दोन्ही बाजू लसाविने गुणू द्या, आणि ताळा घेतल्याशिवाय वही मिटू देऊ नका.