स्लाइडवरची पॅथॉलॉजी, स्लाइडबाहेरची पॅथॉलॉजी

इंग्रजीत डॉक्टर ‘पॅथॉलॉजी’ हा शब्द दोन अर्थांनी वापरतात. रोगांचा अभ्यास करणारं शास्त्र हा पहिला अर्थ, आणि रोगाने शरीरात प्रत्यक्ष केलेला बिघाड हा दुसरा. ‘गुडघ्यात काही पॅथॉलॉजी दिसत नाही,’ असं हाडांचा डॉक्टर म्हणतो तेव्हा त्याच्या मनात दुसरा अर्थ असतो. वैद्यकीय नियतकालिकांचे काटेकोर संपादक हा वापर अजून खोडतात. गुडघ्यात शास्त्र कसं असेल, हा त्यांचा सवाल बिनतोड आहे, पण वॉर्डात तो कोणी ऐकत नाही. आपल्याकडे चौकाचौकातल्या लॅबच्या पाट्यांनी तिसरा अर्थ रुजवला आहे: पॅथॉलॉजी म्हणजे रक्त-लघवी देऊन यायची जागा.

शब्दाचं मूळ ग्रीक ‘पॅथॉस’, म्हणजे भोग, यातना. त्याला आजचा वैद्यकीय अर्थ मिळाला तो रोगाला शरीरात ठरावीक जागा असते हे पटल्यावर. त्याआधी युरोपात रोग म्हणजे अंगातल्या रसांचा बिघडलेला तोल, अशीच समजूत होती. पदुआच्या जिओव्हानी बातिस्ता मोर्गान्यी यांनी १७६१ साली, वयाच्या ७९व्या वर्षी, सुमारे सातशे शवविच्छेदनांच्या नोंदींचा ग्रंथ छापला. रोग्याने जिवंतपणी सांगितलेल्या तक्रारी आणि मेल्यावर आत सापडलेला बिघाड त्यांनी शेजारी शेजारी मांडला होता. पुढे १८५८मध्ये बर्लिनला रुडॉल्फ फिरखो यांनी व्याख्यानं देऊन ही जागा अवयवावरून पेशीपर्यंत आणली. आजची लॅब या दोघांच्या वाटेनेच चालते.

ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा फॉर्मेलिनमध्ये पडतो, कडक होतो. त्यातलं पाणी काढून मेण भरलं जातं. मग मायक्रोटोमच्या पात्यावर तीन ते पाच मायक्रॉन जाडीचा काप निघतो, आणि त्याला दोन रंग दिले जातात. लॉगवुड झाडाच्या गाभ्यातून मिळणाऱ्या हिमॅटॉक्झिलिनने पेशींची केंद्रकं निळी-जांभळी होतात, इओसिनने बाकीचं गुलाबी. पॅथॉलॉजिस्ट आधी कमी ताकदीच्या भिंगाखाली एकूण रचना न्याहाळतो. पेशींकडे तो मागाहून वळतो. स्तनातल्या गाठीचंच घ्या. दूधनलिकेला आतून पेशींचे दोन थर असतात. आतल्या थरात कॅन्सर माजला असला तरी बाहेरचा थर शाबूत असेल, तर रोग अजून नलिकेच्या आतच आहे. तो थर नाहीसा होऊन पेशी भोवतालच्या तंतूंत घुसल्या असतील, तर निदान बदलतं, उपचार बदलतात आणि घरच्यांशी करायचं बोलणंही बदलतं. एवढा मोठा फरक पेशींच्या एका पातळ रांगेवर ठरतो. ती नुसत्या नजरेला नीट दिसली नाही, तर तिच्यासाठी वेगळे रंग मागवावे लागतात.

इतकं डोळ्यांसमोर असूनही रिपोर्टची भाषा सावध असते. ‘अमुक रोगाशी सुसंगत’, ‘अमुककडे झुकणारं’, ‘रोग्याच्या लक्षणांशी ताडून पाहावं’. सुईने काढलेल्या तुकड्यात कॅन्सर नसेल, तर ‘पाठवलेल्या तुकड्यात कॅन्सर आढळला नाही’ असं लिहितात. गाठीतच नाही, असं लिहीत नाहीत. नातेवाइकांना ही टाळाटाळ वाटते. पण सुई गाठीला चुकवूनही जाऊ शकते, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असतं.

दवाखान्याबाहेर पडल्यावर या शब्दाची सावधगिरी गळते, वजन तेवढं उरतं. इंग्रजीत सराईत थापाड्याला ‘पॅथॉलॉजिकल’ खोटारडा म्हणतात. याची सुरुवात मात्र दवाखान्यातच झाली: मनोविकारतज्ज्ञ आंतोन डेलब्रुक यांनी १८९१मध्ये अशा रोग्यांचं वर्णन केलं होतं. आता हे विशेषण कोणत्याही राजकारण्याला कोणीही बहाल करतो. जुगाराच्या बाबतीत उलट झालं. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानग्रंथात १९८०मध्ये ‘पॅथॉलॉजिकल’ जुगार दाखल झाला; २०१३च्या आवृत्तीत विकार राहिला, ते विशेषण गेलं.

समाजाला हा शब्द लावताना खरी अडचण होते. एमिल द्यूर्केम यांनी १८९५मध्ये समाजाच्या निरोगी आणि रोगट अवस्था वेगळ्या करायचा प्रयत्न केला, आणि गुन्हा हा निरोगी समाजातही असतोच, असं सांगून वाचकांना बुचकळ्यात टाकलं. १९६५मध्ये अमेरिकी सरकारात असलेल्या डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांनी कृष्णवर्णीय कुटुंबांवर अहवाल लिहिला. त्यातल्या एका प्रकरणाचं शीर्षकच पॅथॉलॉजीच्या गुंत्याविषयी होतं. गुलामगिरी आणि बेकारी यांचा उल्लेख अहवालात आहे, तरी शीर्षकामुळे बिघाडाचं बोट कुटुंबाकडेच वळलं. विल्यम रायन यांनी १९७१मध्ये पुस्तक लिहून याला उत्तर दिलं: जो भोगतो त्यालाच दोषी धरलं जातंय. त्यांचं म्हणणं रास्त होतं. फिरखोंनी १८४८मध्ये अप्पर सायलेशियातली टायफसची साथ पाहिली तेव्हा उपाय म्हणून शिक्षण, लोकशाही आणि रस्ते सुचवले होते. लोकांच्या स्वभावात रोग शोधत ते बसले नव्हते.

विज्ञानानेही हा शब्द स्वतःवर उलटवला. नोबेल विजेते रसायनशास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्युर यांनी १९५३च्या एका व्याख्यानात ‘पॅथॉलॉजिकल’ विज्ञान ही कल्पना मांडली: लबाडी नाही, तरी माणूस स्वतःलाच फसवतो. त्यांचं एक उदाहरण फ्रान्समधल्या एन-किरणांचं. रने ब्लाँडलो यांनी १९०३मध्ये हे किरण सापडल्याचं जाहीर केलं. पुढच्या वर्षी अमेरिकेचे रॉबर्ट वुड त्यांची प्रयोगशाळा बघायला गेले. अंधाऱ्या खोलीत प्रयोग सुरू असताना त्यांनी यंत्रातला प्रिझम गुपचूप काढून घेतला. तरी किरणांची मापं आधीसारखीच येत राहिली. इथे हा शब्द शोभतो, कारण स्लाइडसारखंच काहीतरी दाखवण्याजोगं हाती होतं.

गणितात या विशेषणाला शिवीचा वास नाही. तिथे ते सवयीच्या नियमांत न बसणाऱ्या गोष्टींना लावतात. कार्ल वायरश्ट्रास यांनी १८७२मध्ये कुठेही न तुटणारी, पण कोणत्याच बिंदूवर स्पर्शरेषा काढता न येणारी वक्ररेषा दाखवली. बरेच गणिती नाकं मुरडू लागले आणि असल्या रेषा ‘पॅथॉलॉजिकल’ ठरल्या. १९३१मध्ये स्टेफान बानाख यांनी सिद्ध केलं, की नेमक्या गणिती अर्थाने पाहिलं तर न तुटणाऱ्या वक्ररेषांत बहुसंख्या अशांचीच आहे. शाळेच्या वहीत काढतात त्या गुळगुळीत रेषा अपवाद. विशेषण मात्र कोणी बदललं नाही, पाठ्यपुस्तकांत ते अजून तसंच आहे.