सुकाणू सक्तीच्या रजेवर

आपल्याकडे सुकाणू म्हटलं की आधी समिती आठवते. जून २०१७ मध्ये शेतकऱ्यांच्या संपात सुकाणू समिती स्थापन झाली आणि तो शब्द घरोघरी पोचला. आमच्या कुंभवलीपासून सातपाटी, मुरबे, नवापूरचा किनारा फार लांब नाही. तिथल्या कोळी बांधवांना मात्र नवल वाटलं असेल. जून हा सुकाणू नेमायचा महिना नव्हेच. तो सुकाणू काढून ठेवायचा महिना!

१ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस मासेमारी बंद. होडी वाळूवर ओढायची, तर सुकाणू आधी उतरवावं लागतं. नाहीतर होडीच्या आधी तेच वाळूत रुततं. त्याची जोडणी आपल्या दाराच्या बिजागरीसारखीच. होडीच्या पिछाडीला लोखंडी कड्या, सुकाणूला खुंट. दांडा काढा, फळी वर उचला, सुटलं! सांगायला सोपं. उचलायला चार माणसं आणि ओरडायला पाचवा लागतो. मी आपखुशीने नेहमी पाचवा असतो.

पुढचं काम चिकट. शिंपले खरवडायचे, गोड्या पाण्याने मीठ धुवायचं, मग सावलीत वाळवायचं. खुंट झिजलाय का, बोल्टच्या भोवती लाकूड कुजलंय का, किड्यांनी आतून पोखरलंय का, हे ठोकून पाहायचं. निरोगी लाकूड खणखणीत बोलतं. पोखरलेलं गुळमुळीत उत्तर देतं. कर्ज थकलेला खातेदार अगदी असाच बोलतो. शेवटी तेल किंवा रंग द्यायचा, लोखंडाला ग्रीस लावायचं आणि फळी ठोकळ्यांवर आडवी ठेवायची. भिंतीला तिरकी टेकवली, तर नारळी पौर्णिमेपर्यंत तिला बाक येतो.

थंड देशांत हेच काम हिवाळ्यात चालतं. तिकडच्या शिडाच्या बोटींची सुकाणू बरेचदा फायबरची, आत फोम भरलेली. फटीतून पाणी आत शिरलं आणि गोठलं, की ते सुमारे नऊ टक्के फुगतं आणि सुकाणू उकलतं. म्हणून काहीजण खाली भोक पाडून पाणी काढून टाकतात. त्यांचा वैरी बर्फ, आपला पाऊस. रजेचा अर्ज एकच.

“एवढी उस्तवार कशाला तांडेल? वरून तर चांगलं दिसतंय,” असं मी एका म्हाताऱ्या तांडेलांना म्हणालो.

“साहेब, शीड फाटलं तर माणूस वल्ही मारत घरी येतो. वादळात सुकाणू गेलं, तर होडी लाटेला आडवी होते. आडवी झाली की संपलं. आणि तो खुंट पाण्याखाली असतो. वरून काय दिसणार?”

मी गप्प बसलो. बँकेतही हाच कायदा आहे. नाजूक खुर्चीवरच्या माणसाला वर्षातून एकदा अचानक सक्तीची रजा द्यावी, किमान दहा कामाचे दिवस, असं रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये पुन्हा बजावलं. तो घरी बसतो आणि त्याच्या टेबलावर दुसरा बसतो. खुंट झिजला असेल तर तेव्हा कळतं. मात्र रजेवर जाणाऱ्या प्रत्येकाला वाटतं, आपल्यावाचून शाखा बुडेल. सुकाणूला तसं वाटत नाही. ते दोन महिने मुकाट्याने ठोकळ्यांवर पडून राहतं, कुणीही येऊन ठोकलं तरी खरं तेच बोलतं, आणि होडी पाण्यात गेली की पुन्हा सगळ्यांच्या मागे जाऊन लटकतं.

समित्यांनी एवढं जरी त्याच्याकडून उचललं, तरी पुष्कळ झालं. उचलायला चार माणसं आम्ही देऊ. पाचवा तयारच आहे.