लातूर-नांदेड रस्त्यावर जुन्या गाडीचा शोध

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. १९१७ साली बांधलेली ती गोल इमारत, मधोमध अंबाबाईचे देऊळ आणि भोवती दुकानांची गर्दी. खेड्यातून आलेला माणूस तिथे एक चक्कर मारल्याशिवाय परत जात नाही. लातूर म्हणजे तूरडाळीचे आणि सोयाबीनचे गाव. जुन्या पिढीने इथल्या बाजारात माल आणला तो रात्रभर बैलगाडी हाकून. आता पहाटे तिथे उभे राहिले, तर बैलगाडी क्वचित दिसते. दिसतात ते टेम्पो, पिकअप आणि सगळ्यांत जास्त म्हणजे आपला ‘छोटा हत्ती’.

टेम्पो हा शब्द आपण इतका आपलासा केला आहे, की तो मूळचा जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या एका कारखान्याच्या मालाचे नाव आहे हे कुणाच्या ध्यानीही येत नाही. त्या कारखान्याशी करार करून पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीने तीन चाकी गाड्या काढल्या आणि पुढे मॅटाडोर आणली. २००५ साली त्या कंपनीने फोर्स मोटर्स असे नवे नाव घेतले, आणि त्याच वर्षी मे महिन्यात टाटांनी ‘एस’ ही चार चाकी छोटी गाडी बाजारात उतरवली. दोन सिलिंडरचे ७०२ सीसीचे डिझेल इंजिन, सोळा अश्वशक्ती आणि पाऊण टन माल. लोकांनी तिला छोटा हत्ती म्हटले आणि तेच नाव रूढ झाले.

नव्या गाडीची किंमत सर्वांच्या आवाक्यातली नाही. म्हणून आपल्याकडे जुन्या गाडीचा विचार होतो. आमच्या घरी तो विचार वहिनींनी काढला. अहमदपूर तालुक्यातल्या आमच्या शेतात विहिरीला बारमाही पाणी आहे आणि भाजीपाला त्यांच्या हातचा. अहमदपूर, शिरूर ताजबंद आणि लोहा इथल्या बाजारांना माल न्यायचा, तर दर खेपेला भाड्याची गाडी. ती वेळेवर आली नाही की मेथी-कोथिंबीर बांधावरच सुकते. खरिपाचे सोयाबीन विकून पैसे हाती आले होते, थोडे बचत गटातून मिळणार होते. दादा, वहिनी, गावचा मिस्त्री आणि मी असे चौघे दोन दिवसांसाठी बाहेर पडलो.

पहिला मुक्काम लातूर

लातूरला एका आडबाजूच्या गाळ्यासमोर तीन-चार छोट्या डिझेल गाड्या उभ्या होत्या. दादांची नजर एका निळ्या रंगाच्या गाडीवर गेली. रंग नवा, हेडलाइट चकचकीत, भाव कमी. मिस्त्रीने मात्र रंगाकडे पाहिलेच नाही. तो हौद्याखाली वाकला आणि बोटाने लोखंड खरवडू लागला. हौद्याचा पत्रा आतून गंजून पापुद्रे सुटले होते, मागचे पाटे बसले होते आणि चेसिसला एके ठिकाणी वेल्डिंगचा सांधा होता.

“ही पाणी वाहत होती,” तो म्हणाला.

लातूरकरांना २०१६ चा उन्हाळा विसरता येणार नाही. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या दिवसांत ज्याच्याकडे गाडी होती, त्याने हौद्यात प्लास्टिकची टाकी ठेवून पाणी वाहिले. हजार लिटरची टाकी भरली की पाण्याचेच वजन एक टन होते. पाऊण टनाच्या गाडीवर हे ओझे रोज पडले तर पाटे बसणारच, आणि सांडलेल्या पाण्याने पत्रा गंजणारच. त्या गाड्यांनी गावाची तहान भागवली यात शंका नाही, पण विकत घेणाऱ्याने हौदा ओला झालेला आहे की कोरडा, हे बघूनच पुढे जावे.

तिथेच दुसऱ्या गाडीवर मिस्त्रीने आम्हांला इंजिन बघायला शिकवले. सीट उचलली की छोट्या हत्तीचे इंजिन दिसते. आधी त्यावर हात ठेवावा. आपण येण्याआधीच ते गरम असेल, तर मालकाने चालू करून ठेवलेले असते, आणि थंड गाडी पहिल्या किल्लीला उठते की नाही हे मग कळत नाही. गाडी चालू झाल्यावर धुराचा रंग बघावा. काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही; फिल्टर किंवा नोझल बघावे लागेल. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल पिते. थंडीत सुरुवातीला थोडा पांढरा धूर चालतो, पण तो थांबेचना, तर मामला खर्चाचा आहे. मग ऑइल भरायचे झाकण उघडावे. तिथून हुक्क्यासारखा भकाभका धूर येत असेल तर रिंग-पिस्टन झिजले. ऑइल दुधाळ दिसले, किंवा रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसला (रेडिएटरचे झाकण इंजिन थंड असतानाच उघडावे), तर हेड गॅसकेट गेल्याची शंका घ्यावी. किलोमीटरच्या काट्यावर भरवसा ठेवू नये. ब्रेक-क्लचच्या पायदळाचे रबर किती झिजले ते पाहावे. काटा मागे नेता येतो, पायांनी झिजवलेले रबर खोटे बोलत नाही.

माळेगावची शिकवण

दुसऱ्या दिवशी नांदेडचा रस्ता धरला. लातूरहून चाकूर, शिरूर ताजबंद, अहमदपूर, लोहा करीत हा राष्ट्रीय महामार्ग नांदेडला जातो आणि पुढे यवतमाळ-वर्ध्याकडे निघतो. दोन्ही बाजूंना काळी रानं, हरभऱ्याची हिरवळ आणि मधून मधून बालाघाटचे उघडे माळ.

लोह्याच्या अलीकडे माळेगाव लागते. खंडोबाचे ठाणे. मार्गशीर्षाच्या अखेरीस इथे जी यात्रा भरते, ती मराठवाड्यात सर्वांत मोठी मानतात. घोडे, गाढवे, उंट आणि आपली गुरे. कंधारच्या बाजूची लाल कंधारी आणि लातूरकडची देवणी या दोन्ही जाती याच मुलखातल्या. या बाजारात आमच्या वडिलांनी बैल घेतले, त्यांच्या वडिलांनीही घेतले. बैल घेताना आपला माणूस काय करतो? जबडा उघडून दात बघतो: आदत, दोनदाती, चारदाती की जुळलेला. चालवून बघतो. खांदा, खूर, शेपूट चाचपतो. जमले तर औताला धरून बघतो. आणि सौदा ठरला की बाजाराची पावती घेतल्याशिवाय कासरा हातात घेत नाही.

दादा म्हणाले, “बैलाला एवढं बघतो, अन् गाडीला नुसता रंग बघून पैसे देतो व्हय आपण?”

हेच खरे. गाडीचाही जबडा उघडावा. तिलाही ओझे देऊन चालवावे. रिकामी गाडी सपाट रस्त्यावर कुणाचीही पळते. पोती टाकून चढावर न्या, मग गिअर सुटतो का, क्लच घसरतो का, काटा लालकडे जातो का ते कळते.

फरक एकच. बैलाच्या मागे जुने कर्ज चालत येत नाही. गाडीच्या मागे येते.

नांदेडचा सौदा

नांदेड म्हणजे गोदावरी आणि सचखंड गुरुद्वारा. नव्या मोंढ्याच्या बाजूला गेले की पोती, हमाल आणि गाड्यांचा एकच कल्ला. आम्ही गोदावरीला हात जोडून कामाला लागलो.

पहिली गाडी एका दलालाने दाखवली. देखणी होती. इंजिन ठणठणीत, टायर चांगले, मिस्त्रीनेही मान हलवली. भाव बाजारापेक्षा तीस हजारांनी कमी. दादांनी खिशात हात घातला. तेवढ्यात वहिनींनी विचारले, “कागद कुणाच्या नावावर हाय?”

दलाल हसला. “ताई, गाडी आज न्या. कागद महिन्याभरात घरपोच येतील.”

“मग पैसेबी महिन्याभरानंच नेताव का?” वहिनी म्हणाल्या.

नोंदणी पुस्तक मागितले. त्यावर फायनान्स कंपनीचा बोजा तसाच होता. हप्ते थकलेले असले तर वसुलीवाले गाडी ओढून नेतात, ती कुणाच्याही दारात असो. दुसऱ्या एकाने तेलंगणातली गाडी आणखी स्वस्त सांगितली. सीमेपलीकडची गाडी घ्यायला हरकत नाही, पण तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला लागतो, इथे कर भरावा लागतो, नवा क्रमांक घ्यावा लागतो. तो खर्च आणि त्या चकरा किमतीत धरल्या, तर स्वस्ताई उरत नाही. दिसते तसे नसते, म्हणून तर जग फसते.

कागदाचे महत्त्व केवळ घेणाऱ्यालाच नाही, विकणाऱ्यालाही आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले, की आरटीओच्या दप्तरी ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक. गाडी विकून टाकली पण नाव बदलले नाही, आणि नंतर अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी जुन्या मालकाच्या गळ्यात येते. आपल्या गावात असे कितीतरी ट्रॅक्टर आणि टेम्पो केवळ शब्दावर विकले गेले आहेत. ज्यांनी विकले त्यांनी आजच चौकशी करावी.

संध्याकाळी आम्हांला हवी होती ती गाडी मिळाली. पाव आणि टोस्ट वाहणारी, एकाच मालकाची, एमएच २६ पासिंगची. रंग उडालेला, फाळका चेपलेला, पण हौदा कोरडा आणि चेसिस सरळ. मालक वयस्क, मुले नोकरीला, धंदा बंद करायचा होता. आमची चार पोती त्यांच्याच दुकानातून घेतली, हौद्यात टाकली आणि गाडी चढावर नेऊन आणली. चेसिसवर कोरलेला क्रमांक नोंदणी पुस्तकाशी अक्षर-अक्षर ताडून पाहिला. फिटनेस, विमा, कर, प्रदूषण दाखला आणि थकलेले दंड हे सगळे मालकाच्या मुलाने मोबाईलवर उघडून दाखवले.

गाडीवरचे कर्ज फिटले होते, पण बोजा उतरवलेला नव्हता. म्हणून थोडासा इसार दिला आणि साध्या कागदावर दोन साक्षीदारांसह करार लिहिला. मालकांनी बँकेचा दाखला आणि नमुना ३५ आणला, नमुना २९ व ३० वर दोघांच्या सह्या झाल्या, अर्ज आरटीओत दाखल झाला, तेव्हा उरलेली रक्कम बँकेतून दिली. गाडी ताब्यात घेतल्याची तारीख आणि वेळसुद्धा करारात लिहिली, म्हणजे त्याआधीचा दंड-अपघात त्यांचा आणि नंतरचा आमचा. विमा आपल्या नावावर करून घ्यायला कायद्याने चौदा दिवस दिले आहेत, ते काम त्याच आठवड्यात उरकले. किल्ली आणि कागद यांची फारकत होऊ द्यायची नाही, एवढे एक सूत्र धरले की बाकीचे सोपे जाते.

घर गाडीला पोसणार, की गाडी घराला?

गाडी घेणे सोपे, पाळणे अवघड. घेण्याआधी घरातल्या सर्वांनी बसून हिशेब मांडावा. समजा गाडी अडीच लाखांना घेतली आणि ती पाच वर्षे चालवायची, तर वर्षाला पन्नास हजार. विमा, फिटनेस, टायर, दुरुस्ती मिळून समजा साठ हजार. झाले एक लाख दहा हजार. वर्षातून २२० दिवस गाडी चालली, तर डिझेल सोडून रोजचे पाचशे रुपये सुटले पाहिजेत. शंभरच दिवस चालली, तर हाच आकडा अकराशेवर जातो. एकट्या आपल्या शेतात एवढी कामे नसतील, तर शेजाऱ्यांचा माल धरावा, दुधाचे कॅन धरावेत. तेही जमणार नसेल, तर भाड्याची गाडी बरी. गाडी ८ वर्षांची होईपर्यंत फिटनेस दर दोन वर्षांनी करावा लागतो आणि पुढे दरवर्षी, हेही किमतीच्या वेळी लक्षात घ्यावे.

चालवणाऱ्याच्या परवान्याचा प्रश्न आता सुटला आहे. हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याला साडेसात हजार किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला.

शेवटी एक कळकळीची गोष्ट. येळवशीला सारे घर शेतात निघते. आंबिलाचे बिंदगे, भज्जीची भांडी आणि पोरेबाळे हौद्यात बसवायचा मोह होतो. लग्नाचे वऱ्हाड, यात्रेची मंडळी, सगळ्यांना हीच गाडी दिसते. पण मालवाहू गाडीत बसवलेल्या अशा माणसांची भरपाई सहसा विमा कंपनीच्या माथी येत नाही. एका वळणावर हौदा कलंडला तर माणसे जातात, आणि मागे राहिलेल्यांची जमीनही जाते. आमच्या वहिनींनी गाडी दारात आली त्या दिवशीच सांगून टाकले, “भांडी गाडीतून येतील. माणसं पायी नाहीतर जीपनं.” आणि हौद्यात पहिल्या खेपेला मेथीच्या जुड्या रचल्या. त्या खेपेचे डिझेल, भाडे आणि विक्री त्यांनी एका वहीत लिहिली आहे. ती वही आता देवळीत, नोंदणी पुस्तकाच्या शेजारी असते.