गुरुवारचा खेळ

आमच्या पट्ट्यात आठवडा गुरुवारी संपतो. भोसरी, चिंचवड, तळवडे इथले बहुतेक लहान कारखाने त्या दिवशी बंद असतात. रविवारी बाकीचा महाराष्ट्र घरी पाय पसरून बसलेला असतो, तेव्हा आम्ही फर्स्ट शिफ्टच्या बसची वाट बघत चौकात उभे. त्यामुळे इथल्या माणसांच्या मैत्र्या गुरुवारच्या, मुलगी बघायला जायचे कार्यक्रम गुरुवारचे, क्रिकेटचे सामने गुरुवारचे. माझं कॉम्प्युटरवर खेळणंही बहुतेक गुरुवारचंच. कारखाने बंद म्हणून विजेच्या तारांची कामंही त्याच दिवशी काढतात, आणि सकाळचे काही तास निगडीतल्या आमच्या घरात पंखासुद्धा फिरत नाही.

त्या तासांत मी कॉम्प्युटर उघडतो. बाजूचं झाकण काढलं की आतली धूळ दिसते. आमच्याकडची धूळही आमचीच असते : चाकणच्या रस्त्यांची तांबूस माती आणि कुठल्या तरी फाउंड्रीची काळी भुकटी. ग्राफिक्स कार्डाचे पंखे ब्रशने साफ करायचे, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावायची, रॅमच्या पट्ट्या काढून परत बसवायच्या आणि ती खट्ट अशी बारीक खटक ऐकायची. खेळण्याइतकंच हे मला आवडतं. स्क्रू फिरतो, झाकण निघतं, आत काय आहे ते दिसतं. यंत्रांवरचा माझा सगळा जीव या एवढ्यावर आहे, आणि यंत्रांवरचा रागही.

पोट माझं मशीनदुरुस्तीवरच चालतं. चाकणला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी मेंटेनन्सला आहे. त्याआधी भोसरीत जॉबवर्कच्या एका शेडमध्ये होतो. तिथे नव्वदच्या दशकातली एक व्हीएमसी होती, म्हणजे प्रोग्रॅमवर धातू कापणारं मशीन, फॅनकचा कंट्रोल असलेलं. प्रोग्रॅम आरएस-२३२ च्या केबलने चढवायचा. अशा कंट्रोलमध्ये अक्षांच्या मर्यादा, स्क्रूची झीज भरून काढणारे आकडे, टूलचे ऑफसेट असं मशीनचं सगळं शहाणपण एका छोट्या बॅटरीवर जिवंत राहणाऱ्या मेमरीत असतं. पडद्यावर बॅटरीचा इशारा लुकलुकायला लागला, तेव्हा शेडमधले आमचे वस्ताद अण्णा मला म्हणाले, "मशीन चालू ठेव, मग बॅटरी काढ. बंद करून काढलीस, तर आपण कोण हेच तिला आठवायचं नाही." मग त्यांनी पॅनेलचं दार उघडून दाखवलं. दाराच्या आत प्लॅस्टिकच्या पिशवीत पॅरामीटरची यादी होती, काही आकडे हाताने दुरुस्त केलेले, आणि घडीवर घडी घातलेली वायरिंगची ड्रॉइंगं. मशीन विकणाऱ्याने मशीन जगवायला लागणारं सगळं मशीनसोबत दिलेलं होतं. फॅनक ही जपानी कंपनी आजही उघड सांगते की ग्राहक यंत्र वापरतोय तोवर आम्ही ते दुरुस्त करून देऊ. मालकाला मान देण्याची ही रीत मला फार मोठी वाटते.

याच रीतीचे खेळही मी पाहिले आहेत. दोन हजारच्या दशकात चिंचवड, आकुर्डी, निगडीच्या गल्ल्यांत सायबर कॅफे होते. पडदे लावलेले, आत ट्यूबलाइट आणि घामाचा वास. आयटीआयची आणि पॉलिटेक्निकची पोरं तिथे काउंटर-स्ट्राइक १.६ खेळायची. कोपऱ्यातलं एखादं जुनाट मशीन सर्व्हर म्हणून चालायचं, कारण सर्व्हरचा प्रोग्रॅम कुणालाही मिळायचा. बाहेरचं इंटरनेट बंद पडलं, तरी आतला खेळ चालू. ज्याने आपल्याला मारलं तो दोन खुर्च्या सोडून बसलेला असायचा आणि त्याचं हसू हेडफोनमधून नव्हे, उजव्या कानाने ऐकू यायचं.

मुळात काउंटर-स्ट्राइक कुठल्या कंपनीने ठरवून बनवला नव्हता. 'हाफ-लाइफ' हा खेळ वाल्व्हने १९९८ साली काढला आणि त्याचे नकाशे, माणसं, हत्यारं बदलता येतील अशी साधनंही लोकांच्या हातात दिली. मिन ले आणि जेस क्लिफ या दोन तरुणांनी १९९९ मध्ये त्यावर आपला खेळ रचला. पुढे वाल्व्हने तो विकत घेतला, त्या दोघांनाही कामावर घेतलं. झाकण उघडं ठेवलं होतं म्हणून हे घडलं.

आता खेळ घरात नसतो. तो मुंबईत असतो, नाही तर सिंगापूरला, कुठल्या तरी गार खोलीत. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. निगडीहून मुंबईला जाऊन परत यायला त्याला दोनेक मिलिसेकंद पुरतात. सिंगापूर साधारण चार हजार किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन किमान चाळीस, आणि वाटेतले वळसे, थांबे धरले तर बरेच जास्त. रात्री सेकंड शिफ्टहून आल्यावर मी खेळतो, तेव्हा माझं बोट दाबलं जातं निगडीत आणि गोळी सुटते समुद्रापलीकडे. या अंतराचं मला अप्रूपही वाटतं. बंगालच्या उपसागराच्या तळातून माझी एक क्लिक जाते आणि उत्तर घेऊन येते, ही काही लहान गोष्ट नाही. खुपतं ते वेगळंच. त्या गार खोलीतलं बटण कुणीतरी बंद केलं, तर माझ्या घरात पैसे मोजून आणलेलं काहीच उरत नाही.

हे घडूनही गेलं आहे. युबिसॉफ्टचा 'द क्रू' हा गाड्यांचा खेळ २०१४ मध्ये आला. त्यात अख्खी अमेरिका गाडीने फिरता यायची. एकट्याने खेळायचा म्हटलं तरी सर्व्हर लागायचाच. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांच्या डिस्कही निरुपयोगी झाल्या. याच कंपनीचा स्टुडिओ २००८ पासून आपल्या पुण्यात आहे. तिथे काम करणारी मराठी पोरं किती जीव ओतून एकेक दगड, एकेक सावली रंगवत असतील, याचा विचार केला की जास्तच वाईट वाटतं. रॉस स्कॉट नावाच्या माणसाने यावरून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी केली आणि जुलै २०२५ मध्ये युरोपातल्या तिच्या अर्जावरच्या सह्या दहा लाखांच्या पुढे गेल्या. मागणी साधी आहे : विकलेला खेळ बंद करताना तो चालू शकेल अशा अवस्थेत सोडून जा. कॅलिफोर्नियाने त्याआधीच, २०२४ मध्ये कायदा केला की ग्राहकाला मिळतो तो केवळ परवाना असेल, तर दुकानाने ते स्पष्ट सांगावं. मला तेवढ्याने समाधान नाही. काढून घेणार असं आधी सांगितलं, म्हणून काढून घेणं योग्य ठरत नाही.

आपल्याकडे पब्जी मोबाइल या खेळावर २ सप्टेंबर २०२० ला बंदी आली, तेव्हा कंपनी बसमधली अर्धी पोरं गप्प बसली होती. त्याच्या जागी आलेला बीजीएमआय २०२१ मध्ये सुरू झाला, २८ जुलै २०२२ ला दुकानांतून नाहीसा झाला, २०२३ च्या मे महिन्यात वेळेच्या मर्यादा घेऊन परतला. बंदीची कारणं वेगळी होती आणि त्यांवर मी इथे वाद घालणार नाही. पण ज्या पोराने ओव्हरटाइमच्या पैशातून त्यातले कपडे, बंदुकीचे रंग घेतले, त्याच्या हातात त्या दहा महिन्यांत काय होतं? पैसे लावून खेळायच्या ॲपचं प्रकरण मात्र निराळं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने त्यांवर बंदी आणणारा कायदा केला, त्याच्या मी पूर्ण बाजूने आहे. पगाराच्या रात्री कॅन्टीनमध्ये पडलेले चेहरे मी पाहिले आहेत.

हीच कुलपं आता कारखान्यातही येऊ लागली आहेत. चाकणला आमच्याकडे बेअरिंग दाबून बसवणारी एक एसपीएम आहे, खास त्या एकाच कामासाठी बनवलेली. नव्या मॉडेलसाठी बेअरिंग थोडं जास्त खोल बसवायचं होतं. तो आकडा एचएमआयच्या, म्हणजे ऑपरेटरच्या पडद्यावर दिलेलाच नव्हता, पीएलसीच्या, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरच्या प्रोग्रॅममध्ये आत पुरलेला, आणि प्रोग्रॅमला पासवर्ड. मशीन बनवणाऱ्याने धंदा बंद केलेला. पासवर्ड त्याच्याबरोबर गेला. हायड्रॉलिक ठणठणीत, सिलिंडर ठणठणीत, गाइडला ओरखडा नाही, आणि तरी मशीन उभं. शेवटी आम्ही पीएलसीच बदलला. एकेका वायरीला नंबर लावला, मशीन काय करतं ते बघून बघून प्रोग्रॅम पहिल्यापासून लिहिला. माझ्या नोकरीतलं ते सगळ्यात समाधानाचं काम. नवा प्रोग्रॅम मी पेन ड्राइव्हवर घेतला आणि कागदावरही छापला, आणि तो कागद कुठे ठेवला हे सांगायला नकोच.

गाड्यांचंही तेच होत चाललं आहे. मर्सिडीजने २०२२ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत जाहीर केलं की काही इलेक्ट्रिक गाड्या वर्षाला १,२०० डॉलर भरले तर जास्त जोरात पळतील. मोटर तीच, बॅटरी तीच, वाढणार ते सॉफ्टवेअरने. त्याच वर्षी त्यांच्या इक्यूएस गाडीची जुळणी चाकणला सुरू झाली होती. वडिलांची चेतक तिरकी करून किक मारली की चालू व्हायची, प्लग काढून पुसला की महिनाभर काम भागायचं. आता आकुर्डीत बजाजने २०२२ मध्ये इलेक्ट्रिक चेतकचा कारखाना उभा केला आहे. ती गाडी शांत आहे, धूर नाही, मला मनापासून आवडते. तिचं झाकण गॅरेजवाल्यासाठी किती उघडं राहील, एवढीच माझी काळजी.

उघडलेल्या वस्तूंचा आमचा बाजार होता कुदळवाडीला. चिखलीकडे जाताना दुतर्फा पत्र्याच्या शेड आणि भंगाराचे ढीग. सर्व्हो मोटर, जुने ड्राइव्ह, पॉवर सप्लाय, मॉनिटर. कंपनीने 'आता मिळत नाही' म्हणून सांगितलेला बोर्ड मला तिथे मिळालेला आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथली हजारो बांधकामं पाडली. ती अनधिकृत होती, तिथे आगी लागायच्या, जळणाऱ्या रबराचा धूर आणि इंद्रायणीत जाणारं पाणी आसपासच्या लोकांनी वर्षानुवर्षं सोसलं, हे सगळं खरं. पण कुठला बोर्ड कुठल्या मशीनचा, हे नुसतं हातात घेऊन सांगणारी माणसंही तिथे होती. त्यांच्यासाठी नीट, स्वच्छ, परवानगीची जागा या उद्योगनगरीने काढायला हवी होती. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल उघडलं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरातली उपकरणं, वाहनं त्यात आहेत. हक्क कागदावर आला आणि दुरुस्त करणारे हात विखुरले, हे मला सहन होत नाही.

माझा भाचा मोरवाडीच्या आयटीआयमध्ये आहे. त्याला गेमिंगसाठी कॉम्प्युटर जुळवायचा होता, पण २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव भडकले. मेमरी बनवणाऱ्यांना एआयच्या डेटा सेंटरची गिऱ्हाइकं मिळाली, मायक्रॉनने तर क्रूशिअल हा घरगुती ग्राहकांचा ब्रँडच बंद करत असल्याचं डिसेंबरात सांगितलं. भाचा हिरमुसला. माझ्याकडे एक जुना लॅपटॉप होता. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ त्याला आपला मानायला तयार नाही. पण त्याचं मागचं झाकण स्क्रूंचं आहे आणि रॅम सुटी. आत जुन्या पट्ट्या भरल्या, लिनक्स टाकलं आणि त्यावर काउंटर-स्ट्राइकचा सर्व्हर चढवला. तो प्रोग्रॅम अजूनही फुकट मिळतो. आता सोसायटीतली पोरं घरच्या वायफायवर खेळतात. भाच्याला पुण्याच्या नॉडिंग हेड्सने २०२० मध्ये काढलेला 'राजी'ही आवडतो. एकट्याने खेळायचा, आपल्या मातीतल्या गोष्टींचा. पण त्याचं मन बसलं ते सर्व्हरवर, कारण तिथे नियम तो ठरवतो. गुरुत्वाकर्षण कमी कर, वेळ वाढव, पिस्तूल सोडून सगळं बंद कर.

मग त्याला हॅमर सापडलं, वाल्व्हचं नकाशे रचायचं साधन. भिंती ओढायच्या, उजेड टाकायचा, दारं लावायची. त्याने ठरवलं आहे की आमचं चाकणचं शॉप उभं करायचं. तो ते एकदाच, खंडेनवमीच्या पूजेला आला तेव्हा बघून गेला आहे, म्हणून मला नाइट शिफ्टला फोन करून विचारत असतो. कन्व्हेयर डावीकडून येतो की उजवीकडून? क्रेनची उंची किती? परवा त्याने विचारलं, "मामा, कूलंट टँकच्या मागून माणूस जाऊ शकतो का?" लाइन चालू होती, मी टेप घेऊन गेलो आणि मोजून सांगितलं : जाऊ शकतो, पण आडवं होऊन, आणि तिथे वरून पाइप येतो, तो डोक्याला लागेल. तो म्हणाला, "मग तिथेच लपायची जागा करतो."