विद्रुमवाटिका

‘काळे पाणी’ हे दोन शब्द आमच्या पिढीने लहानपणी ऐकले ते घरातील वडील माणसांच्या तोंडून, आणि तेही हलक्या आवाजात. ज्या अंदमानात १९११ साली सावरकरांना जन्मठेप भोगण्यासाठी नेण्यात आले, तेथे कोणी हौसेने जाईल, ही कल्पनाच त्या वडीलधाऱ्यांना सोसली नसती. परंतु कालगती विचित्र आहे. यंदाच्या उन्हाळ्यात काशीस जावे की अंदमानास, असा प्रश्न आमच्या घरात निघाला. वहिनींचा कल काशीकडे होता; पुण्यास प्राणिशास्त्र शिकणाऱ्या नातीने अंदमानचा हट्ट धरला. अखेर थोरल्या बंधूंनी निकाल दिला, “गंगा आहे तेथेच राहील. पोर म्हणते ती पोवळी किती दिवस राहतील, हे तिलाही सांगवत नाही. आधी ती पाहू.”

चेन्नईहून विमानाने पोर्ट ब्लेअर (२०२४ पासून याचे नाव श्रीविजयपुरम् झाले आहे), आणि तेथून दीड-दोन तासांच्या जलप्रवासाने आम्ही शहीद द्वीपावर उतरलो. १८५७ च्या धामधुमीत क्रौर्याने गाजलेल्या नील नामक इंग्रज सेनाधिकाऱ्याचे नाव या बेटाला होते. नेताजी सुभाषचंद्रांनी १९४३ मध्ये या द्वीपसमूहासाठी ‘शहीद’ आणि ‘स्वराज’ ही नावे उच्चारली होती. त्यांतील पहिले २०१८ मध्ये या बेटाला देण्यात आले. पूर्व बंगालमधून निर्वासित झालेल्या कुटुंबांनी हे बेट वसविले. त्यांच्या वस्त्यांची नावे सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर! ज्या जिल्ह्यातील जांब गावी समर्थ रामदास जन्मले, तेथून आलेल्या आम्हांस ती नावे ऐकून परक्या मुलखात आल्यासारखे वाटलेच नाही.

बेट इतके लहान की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाच-सहा किलोमीटरांहून अधिक अंतर नाही. येथे सायकली भाड्याने मिळतात. तीस वर्षे सायकलीवरून शाळेत जाणाऱ्या माणसास याहून मोठे सुख कोणते? येथे पहाटे पाचच्या सुमारास उजाडते. ऊन चढण्यापूर्वी नात आणि मी सीतापूरच्या किनाऱ्यावर सूर्योदय पाहून परत येत असू. वाटेत दुतर्फा नारळी-पोफळी आणि भाजीचे मळे. टँकरची वाट पाहण्याची सवय जडलेल्या मराठवाड्यातील डोळ्यांना ती हिरवाई पाहून किंचित मत्सरही वाटला, हे सांगण्यास हरकत नाही.

आता मुख्य विषयाकडे वळतो. पोवळ्याला संस्कृतात ‘प्रवाळ’ आणि ‘विद्रुम’ अशी दोन नावे आहेत. विद्रुम म्हणजे विशेष प्रकारचा वृक्ष. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘आलकंदक’ प्रवाळाचा उल्लेख येतो, आणि तो मिसर देशातील अलेक्झांड्रिया बंदरातून येत असावा, असे पंडितांचे मत आहे. वहिनींच्या अंगठीतील मंगळाचे लाल पोवळे त्या भूमध्य समुद्रातील जातीचे. अंदमानच्या उथळ समुद्रात आहेत ती निराळी, खडक रचणारी पोवळी. प्रत्येक खडक म्हणजे हजारो सूक्ष्म जीवांची वसाहत. हे जीव समुद्रातील चुना घेऊन आपली घरे बांधतात. त्यांच्या देहात त्याहून सूक्ष्म अशी शैवले राहतात. ती सूर्यप्रकाशाच्या बळावर अन्न तयार करतात आणि त्यातील मोठा वाटा यजमानास देतात. मोबदल्यात त्यांना आसरा मिळतो. पोवळ्यांचे रंग बहुतांशी या भाडेकरूंचेच! एकत्र कुटुंबाचा याहून जुना दाखला सृष्टीत क्वचितच सापडेल. परंतु हे घर वाढते अतिशय सावकाश. गोल, भरीव जातीचा खडक वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो.

नातीने भरतपूरच्या किनाऱ्यावर रबरी पोशाख चढवून, पाठीवर हवेची नळकांडी घेऊन बुडी मारण्याचे ठरविले, तेव्हा सौ. पुरती घाबरली. “अहो, तुम्ही तरी तिला सांगा,” असे ती मला म्हणाली. परंतु बरोबर शिक्षक होता, प्रकृतीविषयीचा फॉर्म भरून घेतला होता, आणि उथळ पाण्यात श्वास घेण्याचा सराव झाला होता. मी मुकाट राहिलो. आम्ही चौघे वृद्ध काचेच्या तळाच्या नावेत बसलो. खाली निळे-पिवळे मासे, मेंदूसारख्या वळ्यांचे खडक, हरणांच्या शिंगांसारख्या फांद्या. मध्येच एक पट्टा आला. तेथील फांद्या जागच्या जागी उभ्या, परंतु पांढऱ्याफटक. बंधू वाकून पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, “ही तर आपली बाग.”

त्यांच्या बोलण्याचा अर्थ आम्हांलाच कळणार होता. २०१२ च्या अवर्षणात अंबड तालुक्यातील आमची मोसंबीची बाग अशीच उभ्या उभ्या वाळली. बंधूंनी टँकर आणून काही झाडे जगविली. उरलेल्यांवर स्वतःच्या हाताने कुऱ्हाड चालविली.

नात वर आली ती अवाक होऊन. थोड्या वेळाने तिने त्या पांढऱ्या फांद्यांचा उलगडा केला. उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानाहून पाणी एखाद्या अंशाने जरी तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तर पोवळी आपल्या देहातील शैवले बाहेर टाकतात. रंग जातो आणि अन्नही जाते. १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षी अंदमानात असे घडले. बंधूंनी विचारले, “म्हणजे मेलीच ना ती?” ती म्हणाली, “नाही आजोबा, पांढरी झाली म्हणजे मेली असे नव्हे, उपाशी आहेत. पाणी वेळेवर निवले तर पुन्हा धरतील.” मोसंबीलाही नेमके हेच लागू होते! अंतर इतकेच, की समुद्राला टँकर लावता येत नाही.

सायंकाळी लक्ष्मणपूरच्या पुळणीवर वहिनींना पोवळ्याचा एक सुंदर तुकडा सापडला. देवघरात ठेवण्यासाठी त्यांनी तो पदरात बांधला. नातीने हात जोडून सांगितले की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पोवळ्यांना अभय दिले आहे, मेलेला तुकडाही नेऊ नये. शिवाय हेच तुकडे झिजून ही पांढरी वाळू होते. वहिनींनी क्षणभर विचार केला, पदराची गाठ सोडली, आणि निर्माल्य विसर्जित करावे तसा तो तुकडा दोन्ही हातांनी पाण्यात सोडला.

ज्यांना अंदमान दूर किंवा खर्चाचे वाटेल, त्यांनी मालवणास जावे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यातही पोवळी आहेत आणि १९८७ पासून तेथे सागरी अभयारण्य आहे. मात्र तेथे जाताना मुलांना सोबत न्यावे, खडकावर पाय देऊ नये, आणि येताना रिकाम्या हाताने यावे. देवदर्शनास गेलेला मनुष्य मूर्ती उचलून घरी आणीत नाही. काशीस आम्ही पुढील वर्षी जाऊ.