फोडणी सोसणारा पडदा

रविवार. मोशीच्या घरात जेवणाच्या खोलीची खिडकी पश्चिमेला. संध्याकाळचं ऊन थेट ताटात उतरतं, चाकण रस्त्याची धूळ तर बारमाही. म्हणून पडद्याचं कापड घ्यायला पिंपरी कॅम्पात गेलो. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी नावारूपाला आणलेली ही बाजारपेठ. इथे भाव सांगितला की मगच खरं बोलणं सुरू होतं. हिचं मन मखमलीवर गेलं. मला तळलेले बांगडे आठवले. जाड, लवदार कापड वास धरून बसतं. बैठकीत ठीक, जेवणाजवळ नको. शेवटी इचलकरंजीचं सुती घेतलं, मोहरी रंगाचं, म्हणजे हळदीचा हात लागला तरी खपून जाईल. चुण्यांसाठी रुंदी खिडकीच्या दुप्पट. उन्हात विटू नये म्हणून अस्तरही. शिवण्याआधी भिजवायचं, नाहीतर पहिल्याच धुण्यात पडदा वर चढतो. तरी शिंप्याने विचारलंच, “खाली चार बोटं जास्त दुमडू का?” दुमडा म्हटलं.