गंजावरचा रंग

बोटीवर पाऊल ठेवल्यावर काकांनी आधी कठड्याला हात लावला. मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून आम्ही क्रूझवर चढलो तेव्हा संध्याकाळचं ऊन होतं. बोट लांबून दुधासारखी पांढरी दिसत होती, वरच्या मजल्यावर बँड वाजत होता, लोक समुद्राकडे पाठ करून फोटो काढत होते. काका मात्र खाली वाकले. कठड्याचा खांब डेकला मिळतो त्या जागी रंग पापडासारखा फुगला होता. त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिलं. खपली सुटली आणि आतून तांबूस पाणी आलं.

"चिपिंग केलंच नाही," ते म्हणाले. "गंजावर रंग मारलाय."

काकांची एकतीस वर्षं मालवाहू बोटींवर गेली. खलाशी म्हणून चढले, सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम, होऊन उतरले. वेंगुर्ल्याच्या घरी रजेवर आले तरी स्वस्थ बसत नसत. फाटकाच्या बिजागऱ्या, रहाटाची कडी, विळीचं पातं, सगळ्यावरून त्यांचा हात फिरायचा. बोटीवर काय काम असतं, असं मी लहानपणी विचारलं होतं, तर म्हणाले, ठोकायचं. हातोडीने गंज ठोकून उडवायचा, तारेच्या ब्रशने घासायचं, आतलं लोखंड उघडं पडलं की त्यावर शेंदरी रेड लेड, आणि ते वाळल्यावर रंगाचे हात. नाळेपासून सुरुवात करून मागच्या टोकाला पोचावं, तोवर नाळ पुन्हा गंजायला लागलेली असते.

"मग हे काम संपतं कधी?"

"बोट मोडीत निघते तेव्हा."

आमच्या किनाऱ्यावर हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पावसाच्या तोंडावर होड्या वर ओढून शाकारतात. लाकूड वाळू देतात, सांधी बघतात, तेल पाजतात. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून होडी पाण्यात जाते ती या सगळ्या देखभालीनंतर. ते दोन-अडीच महिने धंदा बुडाला असं कुणी म्हणत नाही. विश्रांती हा होडीच्या आयुष्याचाच भाग मानलेला आहे.

लोखंडी बोटीलाही असा पावसाळा नेमून दिलेला आहे. तिला सुक्या गोदीत घ्यायचं, पाणी उपसून तळ उघडा करायचा, शिंपले खरवडायचे, पत्र्याची जाडी मोजायची, झडपा उघडून पाहायच्या. प्रवासी बोटीचा तळ दरवर्षी तपासला पाहिजे आणि पाच वर्षांत किमान दोनदा तरी ती गोदीत घेतली पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. पण गोदीतल्या बोटीवर तिकीट विकता येत नाही. तिथला एकेक दिवस हिशेबाच्या वहीत तोटा म्हणून पडतो. मग चौदा दिवसांचं काम दहा दिवसांत बसवायचा मोह होतो आणि पहिली कात्री लागते ती प्रवाशाच्या नजरेला न पडणाऱ्या कामाला. दिवाणखान्याला नवा गालिचा मिळतो. त्याच्याखालचा पाइप तसाच राहतो.

आमच्या खोलीतल्या गालिच्याखालीही असंच काहीतरी होतं. पहिल्याच रात्री कोपरा ओला लागला. एसीतून थेंब पडत होते. मी बर्फाची बादली खाली ठेवली, ती सकाळपर्यंत निम्मी भरली. न्हाणीघरातलं पाणी तुंबायचं. चार लिफ्टपैकी एक बंद, आणि तिच्यासमोर व्हीलचेअरवरच्या एक आजी दोन्ही दिवस थांबलेल्या दिसल्या. जेवणाच्या एका दालनाला कुलूप होतं. तिकिटाचे पैसे मात्र सगळ्या दालनांचे घेतले होते. मला राग आला, आणि तो राग रास्त होता असं मी आजही म्हणते.

खोली आवरायला येणारा मुलगा तेविशीचा असेल. बादली पाहून तो इतका ओशाळला की पाणी त्याच्यामुळेच गळतंय असं वाटावं. काकांनी त्याच्या बोलण्याची धाटणी ओळखली. "खंयचो रे झिला तू?" मालवणचा निघाला. मग तो दारातच दोन मिनिटं थांबला, आत येऊन बसला नाही. आधीच्या कंपनीत त्याच्याकडे पंधरा खोल्या होत्या, इथे चोवीस. एसीची तक्रार त्याने तीनदा लिहून दिली होती, पण दुरुस्तीच्या माणसांतले दोघे साइन ऑफ होऊन घरी गेले होते आणि त्यांच्या जागी कुणी आलं नव्हतं. आठ महिन्यांचा करार, आठवड्याची सुट्टी नाही.

खलाशांच्या श्रमाचा जागतिक करार 2013 मध्ये लागू झाला. त्यानुसार चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती मिळाली पाहिजे. ती दोन तुकड्यांत देता येते, त्यातला एक तुकडा सलग सहा तासांचा हवा. म्हणजे अगदी नियमाने चाललं तरी त्या मुलाच्या सलग झोपेला सहाच तासांची हमी. पुढच्या चौदा तासांत चोवीस खोल्या, चोवीस न्हाणीघरं, आणि प्रत्येक दारात हसरा चेहरा. सेवा ढासळली असं आपण म्हणतो तेव्हा खरं तर माणसं कमी केलेली असतात. उरलेल्यांचे हात तेवढेच असतात.

2020 च्या मार्चमध्ये कोरोनाच्या साथीमुळे जगभरच्या क्रूझ बोटी थांबल्या, हजारो कर्मचारी महिनोन्‌महिने समुद्रावर अडकून पडले. घरी पोचल्यावर त्यातले कितीतरी जण पुन्हा बोटीकडे वळले नाहीत. आवाजावरून पंपाचं दुखणं ओळखणारे कानही त्यांच्याबरोबर गेले.

दुसऱ्या रात्री डेकवर बसलो असताना काकांनी 'नॉर्वे' नावाच्या बोटीचा विषय काढला. तिला त्यांनी एकदा मायामी बंदरात पाहिलं होतं. सेंट-नाझेरला बांधलेली ही बोट 1962 मध्ये 'फ्रान्स' या नावाने पहिल्या सफरीला निघाली. तीनशे सोळा मीटर लांब. तिच्याहून लांब प्रवासी बोट पुढे चाळीसएक वर्षं झाली नाही. 1974 मध्ये ती थांबवली गेली, मग विकली गेली, 'नॉर्वे' होऊन कॅरिबियन समुद्रात सुट्टीवरच्या लोकांना फिरवू लागली. 25 मे 2003 च्या सकाळी मायामीच्या धक्क्याला लागल्यावर तिचा एक बॉयलर फुटला. आठ माणसं गेली. आठही कर्मचारी. अमेरिकेतल्या अधिकृत चौकशीचा निष्कर्ष असा होता की, बॉयलर चालवण्यात, राखण्यात आणि तपासण्यात कसूर झाली, धातू झिजत गेला, त्यात भेगा वाढत गेल्या. त्या भेगा काही त्या सकाळी पडल्या नव्हत्या. त्यांच्या वरच्या मजल्यांवर रोज रात्री नाच चालू होता.

ती बोट अखेर आपल्याच देशात आली. 2006 मध्ये 'ब्लू लेडी' नावाने गुजरातच्या अलंगच्या किनाऱ्यावर चढवली गेली, पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तोडायची परवानगी दिली, आणि तिचं भंगार झालं. काका हे सगळं एका दमात बोलले आणि मग बराच वेळ गप्प राहिले. खाली पाण्याचा आवाज येत होता. माझा हात कठड्यावर होता, आणि रंगाखालचा खडबडीतपणा मला आता बोटांना कळत होता.

त्यांना त्या आठ जणांबद्दल बोलायचं होतं. देखभाल चुकवली तर प्रवाशाचा गालिचा ओला होतो, पण बॉयलरजवळ उभा असतो तो बोटीवरचा माणूस.

तिसऱ्या दिवशी मुंबईचा किनारा दिसू लागला तेव्हा दाराखालून एक छापील कागद आत सरकला. खोलीची स्वच्छता कशी होती, एक ते दहा. सेवा कशी होती, एक ते दहा. शेवटी रेघ होती: आपल्याला सेवा देणाऱ्या कर्मचाऱ्याचं नाव. बोटीला गोदीत शेवटचं कधी नेलं होतं, एका माणसाकडे किती खोल्या आहेत, असा एकही प्रश्न त्यावर नव्हता. गळतीचा राग शेवटी त्या मालवणच्या पोराच्या नावावर जमा होणार होता.

काकांनी चष्मा लावला. आकड्यांचे चौकोन कोरे सोडले आणि कागद उलटा करून मागे लिहिलं. एसी गळतो. पाणी तुंबतं. लिफ्ट बंद. डाव्या बाजूच्या कठड्याचे चार खांब आतून गंजलेत, ते ठोकून काढावेत. माणसं कमी आहेत, ती वाढवावीत. खाली सही केली आणि 'सारंग, निवृत्त' असं लिहिलं.

तुम्ही कधी अशा बोटीवर गेलात, तर तक्रार जरूर करा. पैसे मोजलेत, तेव्हा गप्प बसू नका. फक्त त्या शेवटच्या रेघेवर कुणा पोराचं नाव लिहू नका. तिथे गळणाऱ्या पाइपची जागा लिहा.